ब्रँडचं नाव मक्त्याने द्यायचं की विकून टाकायचं? सही करण्याआधी वाचा



तूर निघाली की दालमिलवाले आणि पॅकिंगवाले यांचे फोन सुरू होतात. "डाळ आम्ही भरतो, पाकिटावर नाव तुमच्या गटाचंच राहील, फक्त एका करारावर सही करा." करार बहुतेक वेळा इंग्रजीत असतो. त्यात दोन शब्द शोधा: *लायसन्स* आणि *असाइनमेंट*.

लायसन्स म्हणजे वावर मक्त्याने देणं. सातबारा तुमच्याच नावावर, मुदत संपली की वावर परत. असाइनमेंट म्हणजे खरेदीखत. एकदा फेरफार झाला की तुमचं नाव गेलं. वर "लायसन्स करार" लिहिलं आहे म्हणून भुलू नका भाऊ. आत कुठे "मालकी आणि गुडविलसह सर्व हक्क कायमचे दिले" अशा अर्थाचं वाक्य असेल, तर ते खरेदीखतच समजा.

आंब्याचं 'माझा' सगळ्यांनीच प्यायलं असेल. मुंबईच्या चौहानांच्या पार्लेने 1993 मध्ये थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट यांच्यासोबत माझाचे भारतातले हक्कही कोका-कोलाला विकले. पुढे 2008 मध्ये कोका-कोलाने तुर्कस्तानात माझाच्या नोंदणीसाठी अर्ज केला. चौहानांच्याच बिसलेरीचं म्हणणं, आम्ही फक्त भारतापुरतं दिलं होतं, आता करार मोडला, भारतातही पुन्हा आम्हीच माझा विकू. प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं. 2009 मध्ये कोर्टाने बिसलेरीला भारतात माझा नाव वापरायला आणि इथून निर्यात करायलाही अंतरिम मनाई केली. पंधरा वर्षांआधीच्या कागदावरून एवढ्या मोठ्या कंपन्या भांडल्या. म्हणून कोणता माल, कोणता प्रदेश, किती वर्षं, हे करारात साफ लिहा. निर्यातीचं वेगळं लिहा.

लायसन्स देतानाही एक गोष्ट सोडू नका: दर्जावर ताबा. समोरच्याने तुरीच्या डाळीत लाखोळी मिसळली तर गिऱ्हाईक त्याला ओळखत नाही, पाकिटावरच्या नावालाच शिव्या देते. नमुना तपासायचा हक्क, गोदाम पाहायचा हक्क, दर्जा घसरला तर करार रद्द, ही तीन कलमं असलीच पाहिजेत. करार संपल्यावर उरलेल्या छापील पाकिटांचं काय, हेही लिहा. रॉयल्टी टनामागे की विक्रीवर, ते ठरवा. आमच्या मते टनामागेच बरी, मोजता येते.

विकायचंच ठरलं तर असाइनमेंट लेखीच लागते आणि तिची नोंद ट्रेडमार्क रजिस्ट्रीत करावी लागते. महाराष्ट्राचं कार्यालय मुंबईला आहे, अर्ज ऑनलाइन होतो. धंद्याच्या गुडविलशिवाय नुसतं नाव विकलं असेल तर जाहिरातीच्या आदेशासाठी सहा महिन्यांत रजिस्ट्रारकडे अर्ज करणं भाग आहे. आणि नोंदणीचं नूतनीकरण दर 10 वर्षांनी. ते चुकलं तर नोंद रजिस्टरमधून निघू शकते.

आता वरुड-मोर्शीच्या संत्रेवाल्यांसाठी. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये जीआय मिळालं. कोणी म्हणालं "तुमचा जीआयचा हक्क आमच्या नावावर करून द्या, इतके पैसे देतो", तर सरळ नाही म्हणा. 1999 च्या जीआय कायद्याच्या कलम 24 प्रमाणे जीआय विकता येत नाही, लायसन्सवर देता येत नाही, गहाणही ठेवता येत नाही. असा करार कागदावर झाला तरी चालत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असलेला शेतकरी वारला तर त्याचा हक्क मात्र वारसाकडे जातो. वडिलांच्या नावाची नोंद असेल तर ती कागदपत्रं जपून ठेवा.

पाकिटाचं चित्र ज्याने काढून दिलं त्याच्याकडूनही हक्क लेखी घ्या. बिल दिलं म्हणजे चित्र आपलं झालं, असं नसते.

कोणाकडे असा करार आला असेल तर सही करण्याआधी सगळ्या पानांचे फोटो कंपनीच्या ऑफिसला पाठवा. शेवटचं पान एकटं पाठवू नका, कलमं मधल्या पानांतच असतात.