एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी

1933 सालच्या एप्रिल महिन्याची पहिली तारीख. कराचीजवळील ड्रिग रोड येथील विमानतळावर चार विमाने उभी होती. ती दुहेरी पंखांची, उघड्या बैठकीची ‘वापिटी’ जातीची विमाने होती. त्यांच्याजवळ मोजके भारतीय अधिकारी आणि यंत्रांची निगा राखणारे थोडे ‘हवाई शिपाई’ होते. भारतीय विमानदलाचे पहिले पथक ते एवढेच! आणि त्याचे नेतृत्व होते एका ब्रिटिश अधिकाऱ्याकडे. भारतीय तरुणांना विमाने चालविता येतील काय, यंत्रे सांभाळता येतील काय आणि पुढे केव्हातरी त्यांना पथकाचे नेतृत्व करता येईल काय, अशी शंका अनेक ब्रिटिश अधिकारी बोलून दाखवीत असत. त्या दिवशी तेथे असलेल्या एका बावीस वर्षांच्या तरुणाने पुढे या शंकेला आपल्या कर्तृत्वाने उत्तर दिले. त्या तरुणाचे नाव सुब्रतो मुखर्जी.

सुब्रतो यांचा जन्म 5 मार्च 1911 रोजी कलकत्ता येथे एका सुविद्य बंगाली कुटुंबात झाला. वडील सरकारी सेवेत उच्च पदावर होते. भारतासाठी स्वतंत्र विमानदल उभारावयाचे ठरले, तेव्हा सहा भारतीय तरुणांना इंग्लंडमधील क्रॅनवेल येथील विमानविद्यालयात पाठविण्यात आले. सुब्रतो त्यांपैकी एक होते. 1932 साली त्यांचे शिक्षण पूर्ण झाले. पाच जण वैमानिक झाले आणि सहाव्याकडे सामानसुमानाच्या पुरवठ्याचे काम आले.

आरंभीची वर्षे कठीण होती. पहिल्या काही वर्षांतच दोघे सहकारी विमान अपघातात मरण पावले. अशा प्रसंगी एखाद्याचे मन खचले असते. परंतु सुब्रतो यांनी धीर सोडला नाही. उड्डाणाचा सराव, यंत्रांची माहिती आणि शिपायांची देखभाल यांपैकी कोणतेही काम त्यांनी हलके मानले नाही. प्रथम ते एका लहान तुकडीचे प्रमुख झाले. मार्च 1939 मध्ये संपूर्ण पथकाची धुरा त्यांच्याकडे आली. विमानदलाच्या पथकाचे नेतृत्व भारतीयाकडे येण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. त्याच वर्षी शारदा पंडित या मराठी तरुणीशी त्यांचा विवाह झाला.

त्या काळी हे पथक वायव्य सरहद्दीवरील डोंगराळ मुलखात कामगिरी बजावीत असे. 1940 साली तेथे घडलेला एक प्रसंग सुब्रतो यांच्या समयसूचकतेची साक्ष देतो. भारतीय सैनिकांची एक चौकी शत्रूच्या वेढ्यात सापडली होती. सुब्रतो विमानातून वर घिरट्या घालीत असताना खालील सैनिकांनी खूण करून आपली काडतुसे संपत आल्याचे कळविले. तळावर जाऊन दारूगोळा आणावा, तर फार उशीर झाला असता. सुब्रतो यांनी क्षणभर विचार केला. विमानाच्या मागील बैठकीवर बसलेल्या सहकाऱ्याच्या बंदुकीत काडतुसे होती. ती त्यांनी काढावयास लावली. पण ती खाली टाकावयाची कशी? सुटी टाकली, तर ती इतस्ततः विखुरणार. तेव्हा दोघांनी आपल्या पायांतील मोजे काढले, त्यांत काडतुसे भरली आणि विमान अगदी खाली आणून ती चौकीवर टाकली. त्यामुळे संकटात सापडलेल्या सैनिकांना लढा चालू ठेवता आला.

1943 साली कोहाट येथील विमानतळ सुब्रतो यांच्या ताब्यात देण्यात आला. संपूर्ण तळाची जबाबदारी सांभाळणारे पहिले भारतीयही तेच ठरले.

1947 साली देश स्वतंत्र झाला. पण त्याबरोबरच त्याची फाळणी झाली. विमाने, माणसे व साहित्य यांची वाटणी झाली. ज्या ड्रिग रोडवर पहिले पथक जन्मास आले आणि ज्या कोहाटचा कारभार सुब्रतो यांनी पाहिला, ती दोन्ही ठिकाणे पाकिस्तानात गेली. विमानदल जणू पुन्हा नव्याने उभारावयाचे होते. भूदलाला 1949 सालीच जनरल करिअप्पांच्या रूपाने भारतीय सरसेनापती लाभले. विमानदलात मात्र अनुभवी भारतीय अधिकारी मोजकेच होते. म्हणून आणखी काही वर्षे त्याचे नेतृत्व ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे राहिले. एकामागून एक आलेल्या तीन ब्रिटिश प्रमुखांच्या हाताखाली सुब्रतो यांनी काम केले. पदासाठी उतावीळ न होता त्या पदाला लागणारी योग्यता त्यांनी अंगी बाणविली.

अखेर 1 एप्रिल 1954 रोजी सुब्रतो मुखर्जी भारतीय विमानदलाचे प्रमुख झाले. चार विमानांच्या पथकाला त्या दिवशी बरोबर एकवीस वर्षे पूर्ण झाली होती! त्यांच्या कारकिर्दीत ‘कॅनबेरा’, ‘हंटर’ आणि ‘नॅट’ यांसारखी वेगवान जेट विमाने दलात दाखल झाली. जुन्या विमानांवर शिकलेल्या वैमानिकांना आणि कारागिरांना नव्या यंत्रांचे शिक्षण देणे हे मोठे काम त्या काळात पार पडले.

8 नोव्हेंबर 1960 रोजी जपानमधील टोकियो शहरी जेवताना अन्नाचा घास श्वासनलिकेत अडकून त्यांचा आकस्मिक मृत्यू झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे एकोणपन्नास वर्षांचे होते. त्यांच्या पत्नी शारदाबाई यांनी पुढे रत्नागिरीच्या प्रतिनिधी म्हणून लोकसभेत काम केले. नंतर त्या आंध्र प्रदेश व गुजरात या राज्यांच्या राज्यपाल झाल्या. सुब्रतो यांना फुटबॉलची मोठी आवड होती. शाळकरी मुलांसाठी 1960 साली सुरू झालेली ‘सुब्रतो करंडक’ स्पर्धा त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

तुकडी, पथक, तळ आणि शेवटी संपूर्ण दल, या चारही पायऱ्या प्रथम चढणारे भारतीय सुब्रतो मुखर्जीच होत. त्यांनी एकही पायरी गाळली नाही. म्हणूनच शिखरावर पोहोचल्यावर त्यांचा पाय डळमळला नाही.

स्वाध्याय

1. पहिल्या पथकाविषयी अनेक ब्रिटिश अधिकाऱ्यांना कोणत्या शंका वाटत होत्या?
2. चौकीवरील सैनिकांना सुब्रतो यांनी कशी मदत केली, ते आपल्या शब्दांत सांगा.
3. ‘पदासाठी उतावीळ न होता योग्यता अंगी बाणविणे’ म्हणजे काय, ते उदाहरणाने स्पष्ट करा.