खेळातली भीती कोठून येते?



आपल्या सिंदी मेघेत मोबाईलवर खेळणारी मुले पुष्कळ आहेत. काही खेळांत फार भीती वाटते. ती कोठून येते, याचा मी अभ्यास केला. तो येथे लिहितो.

आधी माझी चूक सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत मी मामाच्या मोबाईलवर एक खेळ खेळत होतो. त्यात एक रिकामे घर असते. अंधारात किल्ली शोधायची असते. माझी बहीण पहिलीत आहे. मी तिला मुद्दाम जवळ ओढले आणि आवाज मोठा केला. दार करकरले आणि एकदम एक भयानक तोंड समोर आले. मी दचकलो, मग हसलो. ती मात्र रडू लागली. त्या रात्री ती अंगणात लघवीला जाईना. "दादा, मले भेव लागते," म्हणे. तीन रात्री आईला तिच्यासोबत उठावे लागले. बाबांनी मला मारले नाही. फक्त म्हणाले, "तुले हासू आलं, पण तिची झोप गेली ना." मला फार वाईट वाटले.

मी बाईंना विचारले, "चित्र खोटे आहे हे ठाऊक असून भीती का वाटते?" बाई म्हणाल्या, "प्रयोग करून पाहा."

मग मामाला विचारून मी दिवसा प्रयोग केला. नुसते बसून नाडी मोजली. एका मिनिटात ८४ ठोके भरले. आवाज चालू ठेवून खेळलो, तेव्हा १०८ भरले. थोडा वेळ थांबलो. आवाज बंद करून खेळलो, तर ९२ भरले. दुसऱ्या दिवशी उलटे केले, आधी आवाज बंद व मग चालू. तरी आवाज असतानाच ठोके जास्त. म्हणजे माझी बरीचशी भीती कानातून आली.

बाईंनी कारण सांगितले. आपण घाबरलो की मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ग्रंथींतून ॲड्रेनालिन नावाचा रस रक्तात येतो. हृदय जोरात चालते. शरीर पळायची तयारी करते. खेळात पळायचे तर नसते, म्हणून आपण बसल्या जागी घामाघूम होतो.

जपानमध्ये १९७८ साली तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ तयार केला. त्यात परग्रहावरचे ५५ शत्रू रांगेने खाली येतात. मागे चारच सूर पुन्हा पुन्हा वाजतात. शत्रू कमी झाले की उरलेले भराभर चालतात. त्या वेळच्या यंत्राला थोडी चित्रे लवकर हलवता येत. सूरही जलद होत जातात, छातीच्या ठोक्यांसारखे. म्हणून खेळणारा घाबरतो.

आमची आजीही असेच करते बरं का! चकव्याची गोष्ट सांगताना ती आवाज बारीक करते, थांबते, आणि एकदम "भो!" करते. पण आजी आमच्या तोंडाकडे पाहते. बहीण घाबरली की गोष्टीतल्या माणसाला लवकर घरी आणते. मोबाईलला आपले तोंड दिसत नाही. तो थांबत नाही.

पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या कंपनीचा 'राजी' हा खेळ २०२० साली आला. त्याची माहिती बाईंनी वर्गात सांगितली. राजीच्या लहान भावाला, गोलूला, राक्षस पळवून नेतात. ती त्याच्यासाठी राक्षसांशी लढते. हे ऐकून मला लाज वाटली. मी तर राक्षस आणून माझ्या बहिणीला दाखवला होता.

या अभ्यासावरून मी पुढील गोष्टी शिकलो :

१) खेळ घेण्याआधी वयाचा आकडा पाहावा. प्ले स्टोअरवर ३+, ७+, १२+, १६+, १८+ असे लिहिलेले असते. त्या खेळावर १२+ होते. मी १० वर्षांचा आणि बहीण ६ वर्षांची.
२) भीती वाटली की आधी आवाज बंद करावा.
३) झोपायच्या वेळी असे खेळ खेळू नयेत.
४) लहान भावंडांना घाबरवून हसू नये.

मामाने तो खेळ काढून टाकला आहे. आता रात्री बहिणीला उठायचे झाले तर ती मलाच हाक मारते. मी बॅटरी घेऊन तिच्यासोबत अंगणात जातो.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी