प्रत्यारोपणानंतर गोळ्या कायमच्या का?

प्रश्न : भावाचे मूत्रपिंड बसवून वर्ष झाले. तब्येत उत्तम आहे. टॅक्रोलिमस बंद केली तर? – एक वाचक, रिद्धपूर

उत्तर : तब्येत उत्तम आहे ती या गोळीमुळेच. भाऊ एकसारखा जुळा नसेल, तर त्याचे मूत्रपिंडही शरीराला परकेच. ते ओळखताच टी-पेशी इंटरल्यूकिन-२ हा संदेशरेणू सोडतात आणि हल्लेखोर पेशी वाढतात. टॅक्रोलिमस त्या रेणूची निर्मितीच रोखते. पण हल्ला आवरणाऱ्या नियामक टी-पेशीही त्याच रेणूवर जगतात. म्हणून नुसत्या दडपणातून खरी सहनशीलता येईल, असे मला वाटत नाही. यकृत प्रत्यारोपण झालेल्या काही रुग्णांची औषधे सुटली, हे खरे. पण ते निवडक होते, देखरेखीखाली होते आणि यकृत मुळातच अधिक सहनशील. मूत्रपिंडात तर क्रिएटिनिन वाढण्याआधीच नकार सुरू झालेला असू शकतो. कृपया एकही गोळी स्वतःहून थांबवू नका. अमरावतीला जाऊन रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी नियमित तपासून घ्या.