जुन्या पायथनला हात लावण्याआधी

संगणकावर पायथन ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा बसवणे म्हणजे तीन गोष्टी एकत्र बसवणे: प्रोग्रॅम वाचून चालवणारा इंटरप्रिटर, त्याच्यासोबत येणारी स्टँडर्ड लायब्ररी आणि बाहेरची पॅकेजे आणून देणारा पिप. या तिन्ही गोष्टी एका विशिष्ट आवृत्तीच्या असतात आणि त्यांचे फोल्डरही त्या आवृत्तीपुरते असते. म्हणून ३.८ साठी घेतलेले पॅकेज ३.१२ ला सापडत नाही. पायथन अपडेट करताना होणाऱ्या बहुतेक घोटाळ्यांचे मूळ इथेच आहे.

आवृत्तीचा आकडा कसा वाचायचा, हे आधी समजून घ्यावे. गिदो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये पायथन लोकांपुढे आणले. डिसेंबर २००८ मध्ये ३.० आले, आणि १ जानेवारी २०२० रोजी पायथन २ चा पाठिंबा संपला. जुन्या पुस्तकांतले पायथन २ चे प्रोग्रॅम आजच्या पायथनवर बहुधा जसेच्या तसे चालत नाहीत. ३.१२.४ या आकड्यातला शेवटचा ४ फक्त दुरुस्त्या दाखवतो. तो बदलला तर जुनी प्रत जागच्या जागी सुधारते आणि पॅकेजे शाबूत राहतात. मधला १२ बदलला की ती वेगळी आवृत्ती होते. अशी नवी आवृत्ती आता दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येते आणि तिला सुमारे पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात.

हा फरक न ओळखल्याने काय होते, हे वळसंगमध्ये प्रस्तुत लेखकाच्या हातून घडलेल्या चुकीवरून कळेल. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या या गावात एका दूध संकलन केंद्राचा हिशेब लेखकाने लिहिलेल्या पायथन प्रोग्रॅमवर चाले. सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन पदार्थ) भरले की दर निघे आणि दहा दिवसांनी प्रत्येक शेतकऱ्याचे बिल तयार होई. संगणकावर उबुंटू २०.०४ होते आणि त्यासोबत आलेले पायथन ३.८ होते. एका नव्या पॅकेजला पुढची आवृत्ती हवी होती. जुने काढून नवे घालावे, या समजुतीने लेखकाने टर्मिनलमध्ये पायथन३ काढून टाकण्याची आज्ञा दिली. पडद्यावर काढल्या जाणाऱ्या गोष्टींची लांबलचक यादी आली. ती न वाचताच ‘हो’ म्हटले गेले. संगणक पुन्हा सुरू केला तेव्हा डेस्कटॉप आलाच नाही. काळ्या पडद्यावर फक्त नाव आणि पासवर्ड मागणारी ओळ होती. दुसऱ्या दिवशी बिल द्यायचे होते.

कारण साधे आहे. उबुंटूमधले पायथन फक्त प्रोग्रॅम लिहिणाऱ्यासाठी नसते. डेस्कटॉपचे अनेक भाग, टर्मिनल आणि अपडेट करणारी साधने त्याच्यावरच उभी असतात. ते काढले की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे सोबत जाते. नोंदींची फाइल होम फोल्डरमध्ये असल्याने वाचली. पेनड्राइव्हवरून उबुंटू चालू करून ती आधी बाहेर काढावी लागली, मग सगळी यंत्रणा नव्याने घालावी लागली. त्या वेळचे बिल वहीवर, हाताने, रात्रभर बसून करावे लागले.

म्हणून उबुंटूसारख्या लिनक्सवर पहिला नियम असा: यंत्रणेच्या पायथनला कधीही काढू नये, बदलू नये, आणि पायथन३ हे नाव दुसऱ्या आवृत्तीकडे वळवू नये. नवी आवृत्ती शेजारी बसवावी आणि पायथन३.१२ अशा पूर्ण नावाने हाक मारावी. सोर्सवरून बांधायची असल्यास ‘मेक इन्स्टॉल’ऐवजी ‘मेक ऑल्टइन्स्टॉल’ वापरावे, म्हणजे मूळ नावाला धक्का लागत नाही. उबुंटूच्या २०२३ पासूनच्या आवृत्त्या यंत्रणेच्या पायथनमध्ये पिपने थेट पॅकेज घालू देत नाहीत. ती अडवणूक संरक्षणासाठी आहे. जबरदस्तीचा पर्याय देऊन ती मोडू नये.

विंडोजमध्ये यंत्रणा पायथनवर अवलंबून नसते, पण तिथे वेगळी काळजी लागते. आधी संगणक ३२ बिटचा आहे की ६४ बिटचा, आणि विंडोज कोणते, हे पाहावे. विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती ३.८ आहे. इन्स्टॉलर पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. त्याच्या पहिल्या खिडकीत तळाशी ‘पाथ’मध्ये, म्हणजे विंडोज प्रोग्रॅम जिथे शोधते त्या फोल्डरांच्या यादीत, पायथन जोडण्याची चौकट असते, तिच्यावर खूण करावी. ती राहून गेली तर कमांड प्रॉम्प्टला पायथन सापडत नाही, किंवा विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडते. दोन आवृत्त्या असतील तर पाथमध्ये जी आधी येते तीच चालते. म्हणून बसवून झाल्यावर आवृत्ती विचारून खात्री करावी.

दुसरा नियम दोन्हीकडे सारखाच लागू आहे: प्रत्येक कामासाठी वेगळे आभासी वातावरण, म्हणजे ‘व्हेन्व्ह’, तयार करावे. ही सोय ३.३ पासून पायथनमध्येच आहे. त्यातली पॅकेजे त्या कामापुरती राहतात, इतरांना त्रास देत नाहीत. मात्र ज्या पायथनवरून व्हेन्व्ह तयार झाले, ते काढल्यास व्हेन्व्हही चालेनासे होते. म्हणून आवृत्ती बदलण्याआधी ‘पिप फ्रीझ’ने पॅकेजांची यादी फाइलमध्ये उतरवावी, नव्या आवृत्तीवर नवे व्हेन्व्ह करावे आणि त्या यादीवरून पॅकेजे पुन्हा घ्यावीत.

जिथे इंटरनेट मोबाइलच्या डेटावर चालते, तिथे ‘पिप डाउनलोड’ने दुसऱ्या संगणकावर पॅकेजे उतरवून पेनड्राइव्हवर आणता येतात. वळसंगच्या दुरुस्तीत इथेही एक खेप वाया गेली. सोलापुरातल्या ६४ बिटच्या विंडोजवर उतरवलेल्या फाइली उबुंटूने नाकारल्या. दोन्ही संगणकांची यंत्रणा, बिट आणि पायथनचा मधला आकडा जुळतो का, हे निघण्याआधी पाहावे.

शेवटचा नियम तारखेचा आहे. बिल, निकाल, पगार अशा कामाच्या आदल्या दिवशी कोणतेही अपडेट करू नये. नोंदींची प्रत आधी पेनड्राइव्हवर घ्यावी. नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी ठेवून एक पूर्ण बिल दोन्हींवर काढावे आणि आकडे जुळले तरच काम नवीकडे न्यावे. वळसंगच्या त्या केंद्रात आता हीच पद्धत आहे. पायथन पुन्हा बसवायला तासभर पुरतो, पण शेतकऱ्याच्या दहा दिवसांच्या दुधाची नोंद एकदा गेली की ती कोणत्याही आवृत्तीतून परत मिळत नाही.