अंगणात उभी गाडी : अर्ध्या दिवसाची मेहनत, हंगामाची बचत

कोकणातील आपल्या अनेक व्यापारी बांधवांचे धंद्याचे वर्ष आठ-नऊ महिन्यांचेच असते. मे महिना सरता सरता आंब्याची वाहतूक आटोपते. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. मग ज्या व्हॅनने हंगामभर घर चालविले, ती पावसाळाभर अंगणात उभी राहते. आखातात नोकरीला असणाऱ्यांची गाडी तर कित्येकदा वर्षभर दारात असते. "चालवलीच नाही तर बिघडेल कशी?" असा आपला समज. हा समज महागात पडतो.

आम्हालाही तो पडला आहे. एका वर्षी आम्ही आमची व्हॅन हँडब्रेक ओढून, वर प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधून उभी केली आणि निर्धास्त झालो. सप्टेंबरमध्ये ताडपत्री काढली तेव्हा मागची चाके जाम, बॅटरी निकामी, सीटवर बुरशी आणि दरवाजांच्या खालच्या कडेला गंज! ताडपत्रीतून पावसाचा थेंबही आत आला नव्हता. उभ्या गाडीचा खरा शत्रू कोसळणारे पाणी नसून कोंडलेला ओलावा होय, हे तेव्हा उमगले. पुढील बहुतेक सूचनांचे मूळ याच एका गोष्टीत आहे.

जागा : गवतावर किंवा मातीवर गाडी उभी करू नये. जमिनीची ओल सतत खालून पत्र्याला लागते. चिऱ्याची किंवा फरशीची, पाणी न साचणारी जागा निवडावी. माड व फणस यांच्याखाली तर मुळीच नको.

धुलाई : मासळीच्या गाडीत बर्फाचे खारट पाणी झिरपून सांध्यासांध्यांत बसते. गाडी खालून-वरून गोड्या पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण वाळवावी, मगच पॉलिश लावावे. दरवाजांच्या तळाची छिद्रे आणि वायपरखालची जाळी यांतील पालापाचोळा काढावा. ही वाट तुंबली की पाणी आत शिरते.

आच्छादन : ताडपत्री गाडीला गुंडाळू नये. बांबू रोवून ती छपरापासून दोन हात उंच, उतार देऊन ताणावी आणि बाजू मोकळ्या ठेवाव्यात. वारा खेळला पाहिजे.

ब्रेक व चाके : हँडब्रेक ओढून ठेवल्यास ओलाव्याने लायनर ड्रमला चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त, पण टायरवर लिहिलेल्या कमाल मर्यादेच्या आत भरावी. महिन्यातून एकदा गाडी थोडी पुढे-मागे ढकलली तर टायर एकाच जागी चपटे होत नाहीत.

इंजिन : जुन्या ऑइलमध्ये ओलावा व आम्ले साठलेली असतात. म्हणून ऑइल गाडी उभी करण्यापूर्वी बदलावे, नंतर नव्हे. इंधनाची टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत हवेतील बाष्पाचे पाणी होते. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते ओलावा ओढते. गाडी वर्षभर उभी राहणार असेल तर पेट्रोल टिकविण्याचे द्रव टाकीत घालावे.

बॅटरी : निगेटिव्ह टोक आधी सोडावे. शक्य असल्यास बॅटरी घरात आणून दर महिन्याला चार्ज करावी. पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. आकडा १२.४ च्या खाली जाऊ देऊ नये.

उंदीर : गाडीत खाण्याचा कण, गोणपाट किंवा कागद ठेवू नये. एअर फिल्टरच्या तोंडाला व सायलेन्सरला बारीक जाळी बांधावी आणि त्याची चिठ्ठी स्टिअरिंगला अडकवावी, म्हणजे गाडी सुरू करताना विसर पडत नाही.

काही जण दर आठवड्याला पाच मिनिटे इंजिन सुरू करतात. यात फायद्यापेक्षा तोटा अधिक आहे. इतक्या वेळात इंजिन पुरते तापत नाही आणि धुरातील पाणी सायलेन्सरमध्ये व ऑइलमध्ये साठते. एक तर अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणावी, नाहीतर हात लावू नये.

गाडी उभी आहे म्हणून विमा बंद पाडणे हीही चूकच होय. झाड पडणे, चोरी, पूर यांची भरपाई केवळ थर्ड पार्टी विम्यात मिळत नाही. मुदत संपून ९० दिवस उलटले तर नो क्लेम बोनसही जातो.

गाडी पुन्हा काढताना जाळ्या सोडाव्यात, वायरी, ऑइल व हवा तपासावी आणि पहिले ब्रेक अंगणातच हळू वेगात लावून पाहावेत. माल भरणे त्यानंतर.

ही सारी कामे अर्ध्या दिवसाची आहेत आणि त्यांतील बहुतेकांना मेकॅनिकही लागत नाही. कारागीर आपली हत्यारे तेल लावून ठेवतो. ज्याची रोजी गाडीच्या चाकांवर आहे, त्याने गाडीलाही हत्यारच समजावे. हंगामाच्या पहिल्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये असेल तर गिऱ्हाईक दुसऱ्याच्या गाडीकडे जाते, आणि गेलेले गिऱ्हाईक परत येईलच असे नाही.