मांसाहार सोडला, पण ताटात काय?

आमच्या कन्येने नववीत असताना मांसाहार सोडला. तिच्या ताटातील मटण-मासळी गेली. परंतु त्या जागी आम्ही वेगळे काहीच वाढले नाही. वर्षभरात तिला जिना चढताना धाप लागू लागली. तपासणीत रक्त कमी आढळले. चूक आमची होती.

विद्यार्थी मित्रांनो, वाढत्या वयात, विशेषतः मुलींना, लोह अधिक लागते. मोड आलेली मटकी, हरभरे, पालेभाजी रोज खावी. वर लिंबू पिळावे. 'क' जीवनसत्त्वामुळे लोह चांगले शोषले जाते. जेवणाबरोबर चहा टाळावा. प्रथिनांसाठी डाळ-भात, सोयाबीन, शेंगदाणे घ्यावेत. मात्र बी-१२ जीवनसत्त्व या पदार्थांतून मिळत नाही. त्यासाठी दूध, दही व चालत असल्यास अंडी घ्यावीत; तीही नको असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी.

पालकांनी मुलांच्या निर्णयाचा मान राखावा आणि त्यांचे ताटही पुरते भरावे.