इंजिनाचा श्वास : लहान शर्यतगाडीची हवावाट

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील शहागड हे गाव गोदावरीच्या काठी, धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर वसलेले आहे. नांगरणीच्या दिवसांत येथील काळ्या जमिनीतून बारीक धूळ उठते. अशा वेळी जाणता शेतकरी ट्रॅक्टरची हवागाळणी उघडून साफ करतो. गाळणी तुंबली की धूर काळा होतो व ओढ कमी पडते. ती फाटली की सिलिंडर झिजते. हा नित्याचा अनुभव म्हणजे हवावाटेच्या रचनेचा पहिला धडाच होय.

स्वतः गाडी बांधणाऱ्या विद्यार्थ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. विद्यार्थ्यांनी लहान शर्यतगाडी बांधावी, ही कल्पना अमेरिकेत १९८१ साली स्पर्धेच्या रूपाने पुढे आली. आपल्या देशात कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ ही अशी स्पर्धा भरत आली आहे. मुंबईच्या के. जे. सोमय्या आणि द्वारकादास जे. संघवी या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी अशा गाड्या बांधल्या आहेत. वेगावर मर्यादा राहावी म्हणून या स्पर्धांत पेट्रोल इंजिनाची सर्व हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच गळ्यातून घ्यावी, असा नियम आहे.

हवेचा हिशेब

एक लिटर पेट्रोल नीट जळण्यास सुमारे ९ हजार लिटर हवा लागते. चार फेऱ्यांच्या इंजिनात पिस्टनचे दोन फेरे पूर्ण होताना सिलिंडर एकदा भरते. इंजिन ४०० घन सेंटिमीटरचे असून मिनिटाला ९ हजार फेरे घेत असेल, तर ते मिनिटाला १,८०० लिटर, म्हणजे सेकंदाला ३० लिटर हवा ओढू पाहते. २० मिलिमीटरच्या गळ्याचे क्षेत्रफळ जेमतेम ३.१४ चौरस सेंटिमीटर. साहजिकच तेथे हवेचा वेग ताशी सुमारे ३४० किलोमीटर होतो. हा वेग ध्वनीच्या वेगाला पोहोचला की इंजिनाने कितीही ओढ घेतली तरी अधिक हवा येत नाही. हा हिशेब माध्यमिक शाळेतील विद्यार्थीही करू शकेल.

रचनेची तत्त्वे

गळा मोठा करता येत नाही. म्हणून त्यातून हवा विनासायास जाईल अशी व्यवस्था करावी लागते. गळ्याचे तोंड गोलाईदार ठेवावे व पुढील नळी हळूहळू रुंद करावी. ती एकदम रुंद केल्यास हवेत भोवरे उठतात व दाब वाया जातो. गाळणी, थ्रॉटल, गळा, हवाकोठी आणि झडपेकडे जाणारी नळी, असा हवेचा क्रम असतो. इंजिन हवा धक्क्याधक्क्याने ओढते. कोठीमुळे गळ्यातील प्रवाह बराचसा सलग राहतो. झडप बंद होताच नळीत दाबाच्या लाटा मागेपुढे फिरतात. नळीची लांबी अशी ठरवावी, की परतलेली लाट झडप पुन्हा उघडी असताना पोहोचून हवा आत लोटील. आखूड नळी जास्त फेऱ्यांना, तर लांब नळी कमी फेऱ्यांना उपयोगी पडते.

हवा थंड असणेही तितकेच अगत्याचे आहे. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो. रेडिएटरमागील ६० अंशांची हवा घेतली, तर त्याच आकारमानात सुमारे ६ टक्के हवा कमी मिळते. म्हणून हवावाटेचे तोंड उष्णतेपासून दूर असावे. गाळणीपुढील सांधे पक्के हवेत. सैल सांध्यातून न गाळलेली धूळ, क्वचित एखादा सुटा नटही, आत ओढला जातो. थ्रॉटल आपोआप मिटण्यासाठी एकाऐवजी दोन स्प्रिंगा असणे हिताचे होय.

गावाची जबाबदारी

अशा गाडीची चाचणी महामार्गावर वा गावरस्त्यावर मुळीच होता कामा नये. शासनाच्या संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी शर्यत वा वेगचाचणी करणे हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ अन्वये गुन्हा आहे. महामार्गालगतच्या गावांत तर हे तरुणांना आवर्जून सांगावयास हवे. चाचणी बंदिस्त मैदानातच, जाणकारांच्या देखरेखीखाली व्हावी.

शिक्षकांनी ट्रॅक्टरची जुनी गाळणी वर्गात उघडून दाखविली, तरी या विद्येचा आरंभ होऊ शकेल. ज्याला गाळणीतील धूळ का अडली हे समजले, तो उद्या शर्यतगाडीही बांधू शकेल. आणि तोवर गावातील इंजिनांचे आयुष्य तरी निश्चितच वाढेल.